धूर हुंगणारा माणूस

आधीच सांगून टाकतो. मी तंबाखू खात नाही. खर्रा खाल्ला नाही, बिडी ओढली नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कुणी असं म्हटलं की समोरचा गालात हसतो. हसा. पण पुढचं वाचायचं असेल तर एवढं खरं मानून वाचा, कारण माझं आजारपण जितकं फुप्फुसांत झालं तितकंच या एका गोष्टीपायी झालं.

माझं नाव मधुकर. वय चोपन्न. जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अग्निशमनच्या गाडीवर सव्वीस वर्षं काढली. गावाचं नाव लिहीत नाही, दवाखान्यांचीही लिहीत नाही. भांडायला दम लागतो, आणि माझ्याकडे तोच उरलेला नाही.

हे लिहा म्हणून मुलगी मागे लागली. अश्विनी माझी एकुलती एक, यवतमाळला कॉलेजात शिकवते. म्हणाली, "बाबा, तुमच्यासारखे अजून असतील ना." असतील बाप्पा. त्यांच्यासाठी लिहितो. मात्र आजारपणानं माणूस शहाणा होतो, देव परीक्षा पाहतो, असलं काही माझ्याकडून मिळणार नाही. मी चिडलेला माणूस आहे आणि चिडूनच लिहिणार आहे.

आमचं काम

आगीवर पाणी मारणं म्हणजे काय मोठं, कुणीही मारेल, असं लोकांना वाटतं. मारून पाहा एकदा. जिनिंगमध्ये कापसाचा ढीग पेटला आणि तुम्ही जोशात सरळ धार सोडली, तर पाण्याच्या जोरानं जळता कापूस उडतो आणि पलीकडच्या चांगल्या ढिगावर जाऊन बसतो. एक आग होती तिथे चार होतात. कापसाला फवारा लागतो, कडेकडेनं आत सरकत. मग ढीग आकड्यानं ओढून मोकळा करायचा. कापूस वरून विझतो आणि आतून जळत राहतो. आज विझवून आलात तर परवा त्याच ठिकाणाहून पुन्हा फोन येतो.

बंद खोलीचं आणखी वेगळं. दाराखालून धूर बाहेर येतोय आणि लगेच परत आत ओढला जातोय असं दिसलं, तर त्या दाराला हात लावायचा नाही. आत आग हवेसाठी तडफडत असते, दार उघडलं की अंगावर येते. बाजूला बसायचं, आधी वरून धुराला वाट करून द्यायची, मग दार थोडं उघडून छताकडे फवाऱ्याचा एक झटका, थांबायचं, पुन्हा एक झटका. जास्त पाणी मारलं तर वाफ होऊन आपल्याच तोंडावर येते. माझ्या डाव्या कानाची पाळी पाहिली तर कळेल, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही.

धूर पाहूनही पुष्कळ समजतं. पांढरा आणि संथ असला तर अजून वेळ आहे. पिवळट-तपकिरी, दाट, जोरात ढकलल्यासारखा निघत असला तर वेळ नाही. हे सगळं डोळ्यांचं काम. पण मी डोळ्यांवर थांबलो नाही. मी नाक वापरलं.

आमच्या गाडीवर ती रीतच पडली होती. गाडी थांबली की मी उतरायचो, तोंडावरचा ओला दुपट्टा खाली ओढायचो, धुराजवळ जाऊन छाती भरून वास घ्यायचो. तोवर पाण्याचा होज धरून सगळे थांबायचे. "मधुभाऊ, काय हाये?" वायर जळत असेल तर सडक्या मासळीसारखा वास येतो. कुटाराचा, म्हणजे गुरांच्या भुशाचा, गोडसर. फवारणीच्या औषधाचा लसणासारखा. मी सांगायचो, तशी धार सोडायची. एकदा बाजारात एका किराणा दुकानाला आग लागली. मालक म्हणे वायरिंग पेटली. मी वास घेतला आणि ओरडलो, "तेल हाये बे आत! धार मारू नको!" होजच्या तोंडाशी, नोझलवर, माझ्या हाताखालचा विलास होता. त्यानं त्या वेळी धार मारली असती तर उकळतं तेल त्याच्या तोंडावर आलं असतं. त्या दिवसापासून गावात माझं नाव झालं. शेजारच्या तालुक्याचे लोकही म्हणायचे, त्यांच्याकडे वास घेणारा माणूस आहे.

आता बी.ए. सेटचं सांगतो. पाठीवर हवेची टाकी, तोंडावर पूर्ण चेहरा झाकणारा मास्क, असे दोन सेट आमच्याकडे होते. लोखंडी कपाटात, कुलूप लावून. वर्षातून एकदा अग्निशमन सप्ताहात बाहेर काढायचे, शाळेतल्या पोरांना दाखवायचे, पुसून परत आत ठेवायचे. त्याच कपाटावर गुळाचा डबा असायचा. आग विझवून आलो की प्रत्येकाला गुळाचा एक खडा. गुळानं घशातला धूर उतरतो असं आमच्या आधीच्या लोकांनी सांगितलेलं, आम्ही पुढच्यांना सांगितलं. गुळाचा डबा दर आगीनंतर उघडायचा. कपाट नाही. मास्क घातला तर वास कसा येईल, हे माझंच म्हणणं होतं.

खोकला

सुरुवात कधी झाली ते खरंच सांगता येत नाही. खोकला कोरडा, तोही बोलता बोलता, हसण्याच्या शेवटी. कापसाचा हंगाम आहे, धूळ जाते, म्हणून सोडून दिलं. मग जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायला लागलो. थांबायचं कारण म्हणून चपलेचा पट्टा ठीक करायचो. माझी बायको शोभा एकदा म्हणाली, "या चपला फेकून द्या जी, किती दिवस पट्टा पाहून राह्यले?" तिला कळलं होतं. मला वाटत होतं की कळलं नाही.

नेरच्या बाजूला एका जिनिंगवर मदतीला गेलो होतो, तिथे उघडं पडलो. होज ओढत पंचवीस-तीस पावलं गेलो असेन. पाय धड होते, हात धड होते, पण श्वास आतच जाईना. मी गाडीच्या चाकाला टेकून खाली बसलो. आग समोर आणि मी बसलेला, असं सव्वीस वर्षांत झालं नव्हतं. विलासनं माझ्या हातातलं नोझल घेतलं. तो तसाच पुढे गेला. त्याची नजर मात्र अजून आठवते, आणि अजून लाज वाटते.

निदानाचा दिवस

पहिल्या दवाखान्यातले डॉक्टर वर पाहतच नव्हते. रांग मोठी होती, त्यांचंही खरं.

"गाव?"

सांगितलं.

"खर्रा किती वर्षांपासून?"

"खात नाही जी."

"मग बिडी?"

"नाही जी. काहीच नाही."

"सगळे असंच म्हणतात," ते म्हणाले आणि लिहिलं. मी उलटं वाचलं. तंबाखूचे व्यसन, जुने. मी म्हणालो, "साहेब, मी आगीच्या गाडीवर आहे." ते म्हणाले, "हो हो, पुढचा." पुढचा माणूस माझ्या मांडीवर बसायच्या बेतात होता, म्हणून उठलो.

मग गोळ्या, मग दुसऱ्या गोळ्या, मग नागपूर. तिथल्या छातीच्या मॅडम निदान चेहऱ्याकडे पाहून बोलल्या. यंत्रातून काढलेला फोटो उजेडाला धरून त्यांनी शांतपणे सांगितलं. फुप्फुसं खालून घट्ट होत चालली आहेत. जे घट्ट झालं ते परत मऊ होत नाही. पुढे जाण्याचा वेग कमी करता येईल, त्यासाठी औषध आहे. मी विचारलं, "किती दिवस?" त्या म्हणाल्या, "दिवस मोजायचे नाहीत." म्हणजे मोजण्यासारखेच असावेत. आणि पहिल्या कागदावरची ओळ त्यांच्या सहायकानं नव्या कागदावर जशीच्या तशी उतरवली. तंबाखूचे व्यसन, जुने.

येताना बसमध्ये खिडकीच्या गजाला धरून बसलो. भीती वाटत होती, दुसरं काही नाही. छतं कोसळताना पाहिली आहेत, सिलिंडर फुटताना पाहिले आहेत, तेव्हा भीती नंतर यायची, घरी आंघोळ करताना. इथे आग माझ्या आतच होती आणि तिच्यावर सोडायला धार नव्हती. कळंब येईपर्यंत शोभा माझा हात धरून होती. नंतर तिनं तो सोडला आणि पिशवीतून कागद काढून पुन्हा वाचायला लागली.

खिसे

माझे वडील खर्ऱ्यानं गेले. तोंड उघडेना, मग गालाला भोक पडलं, शेवटी पाणीसुद्धा बाहेर यायचं. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. त्यांच्या पायांना हात लावून शपथ घेतली आणि ती पाळली. गाडीवरचे सगळे खात, मी पानठेल्यावर उभा राहून नुसता चहा प्यायचो. शोभाला हे लग्नाआधीपासून माहीत. याच एका गुणावर तिच्या बापानं मला पोरगी दिली होती.

नागपूरहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात खुर्चीवर बसलो होतो. घरात गेलो तर ही माझे शर्ट काढून बसलेली. एकेका खिशात बोटं घालून, खिसा उलटा करून, नाकाला लावून पाहत होती. ड्यूटीच्या खाकी पँटचेसुद्धा.

"काय करून राह्यली वं?"

ती दचकली नाही. म्हणाली, "खरं सांगा जी. खात होते ना तुमी? आता कायले लपोता?"

"मी? शोभा, माझा बाप..."

"मले माहीत हाये तुमचा बाप कसा मेला. पन कागदावर लिवलं हाये ना! दोन-दोन डॉक्टर खोटं लिवतीन काय?"

पंचवीस वर्षांचा संसार एका बाजूला आणि ती एक ओळ एका बाजूला. ओळ जड भरली. मी ओरडलो, ओरडलो तसा खोकला आला, आणि खोकत खोकत मी तिथेच शर्टांच्या ढिगात बसलो. तिनं पाणी दिलं, पाठ चोळली. पण विश्वास ठेवला नाही, हे तिच्या हातातूनच कळत होतं.

संध्याकाळी अश्विनी आली. तिनं तर कहरच केला. म्हणाली, "बाबा, खाल्ला असेल ना, तरी मी रागावणार नाही." मेलेलं बरं, असं वाटलं मला. पोरीनं माफ केलं, तेही न केलेल्या गोष्टीसाठी.

तेव्हाच ठरवलं. बरं होणं माझ्या हातात नाही. पण ती ओळ खोडून घेतल्याशिवाय मी मरणार नाही.

वॉर्ड

पुढच्या हिवाळ्यात छातीत संसर्ग झाला आणि मी नागपूरला अकरा दिवस भरती होतो. ज्यांना वॉर्डात राहायचं आहे त्यांच्यासाठी सांगतो. पहाटे पाचला कुणीतरी बोटात सुई टोचून उठवतं आणि मग नऊपर्यंत कुणी फिरकत नाही. डॉक्टरांचा राउंड येतो तेव्हा विचारायचे सगळे प्रश्न विसरतात, म्हणून चिठ्ठीवर लिहून ठेवा. शेजारच्या खाटेवरच्याचे नातेवाईक तुमचा डबा पाहतील, तुम्ही त्यांचा पाहाल, इतकीच करमणूक. बाथरूमपर्यंत बारा पावलं होती. मी ती रोज मोजायचो, पहिल्या दिवशी चार ठिकाणी थांबून, नवव्या दिवशी दोन ठिकाणी.

आणि मास्क. ऑक्सिजनचा मास्क दिवसभर तोंडावर. सवय नाही, सारखा हात जायचा, मी खाली ओढायचो. अगदी दुपट्टा ओढायचो तसाच. नर्स दुरून ओरडायची, "काका, मास्क काढू नका! किती वेळा सांगायचं?" जो मास्क मी सव्वीस वर्षं तोंडाला लावला नाही, तो आता काढू दिला जात नव्हता. त्याची रबरी पट्टी नाकावर रुतून कातडं निघालं. डॉक्टरांना सांगितलं, नर्सला सांगितलं, बरं म्हणाले. शेवटी फरशी पुसणाऱ्या मावशींनी स्वतःच्या रुमालाची घडी करून पट्टीखाली सरकवली. "आता पाहा," म्हणाल्या आणि बादली उचलून गेल्या. त्या अकरा दिवसांत माझं दुखणं खरोखर कमी केलं ते त्या बाईनं.

सहाव्या दिवशी विलास भेटायला आला. विलास चाळिशीचा, माझ्या हाताखाली तयार झालेला, माझ्यानंतर गाडीवर तोच. कागदात बांधून गुळाचे खडे आणले होते. मला हसू आलं. तो खाटेवर टेकला आणि ऑफिसचं सांगू लागला.

"भाऊ, तुमच्या आजारपनाचा कागद साहेबाकडे गेलता. साहेबानं लिवलं, आजार व्यसनामुळे, ड्यूटीचा संबंध नाही. झालं, फाइल बंद."

"म्हणजे धुराचं काही नाही?"

"धुराचा कायचा विचार करते ते! मंधात मी म्हटलं, सेटचं पाहा ना साहेब, तर म्हने कायले, मधुकरले तर खर्ऱ्यानं झालं."

 माझं मन राखायला तो हसून म्हणाला, "पन तुमी फिकर नोका करू, भाऊ. तुमची जागा खाली नाही. आता मीच वास घेतो. आता परवा गोडाऊन जळलं, तुमच्यासारखंच बरोबर सांगतलं म्या." आणि हसण्याच्या शेवटी तो खोकला.

कोरडा. दोनदा. तोंडावर मूठ धरून.

तो खोकला मी ओळखला, जसा धूर ओळखायचो तसा. आणि बारा-तेरा वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली. विलास नवीन लागला होता. एका दुकानाच्या आगीला निघताना त्यानं विचारलं होतं, "भाऊ, तो कपाटातला मास्क घेऊ काय?" मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "कायले बे? लग्नात मिरवाले जाचं हाये काय?" सगळे हसले होते. तोही हसला होता. पुन्हा त्यानं कधी मास्क मागितला नाही.

तोपर्यंत ती ओळ मला माझ्या अब्रूसाठी खोडायची होती. त्या दिवशी कळलं की ती ओळ कागदावर आहे तोपर्यंत तिकडे गाडीवर कुणीतरी दुपट्टा खाली ओढून छाती भरून धूर घेत राहणार. दोष खर्ऱ्याचा आहे म्हटल्यावर धुराला कोण भिणार?

तोंड उघडा

सुटी झाल्यावर महिन्यानं मॅडमकडे दाखवायला गेलो. शोभा सोबत होती. विलासनं गाडी केली होती, तोच चालवत होता. वाटेत मला शिकवत होता, "भाऊ, मॅडमनं विचारलं तर सांगा सेट नव्हतेच. साफ सांगा. दफ्तरात पाहाले कोन येते? सगळं साहेबावर जाईन अन् तुमी मोकळे." मी हो म्हणालो. खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला ते पटलं होतं.

मॅडमसमोर बसलो आणि औषधाचं बोलणं संपायच्या आत म्हणालो, "मॅडम, एक ओळ खोडायची आहे." कागदावर बोट ठेवलं. आवाज चढला माझा. म्हणालो, सगळं खरं लिहिलंय, एवढंच खोटं आहे, आणि एवढंच सगळ्यांनी खरं मानलं.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. कपाटातून लाकडी पट्टी काढली. "तोंड उघडा."

मी उघडलं. मोठं. त्यांनी टॉर्च मारला, गाल आतून पाहिले, दात पाहिले, हिरड्या दाबून पाहिल्या. मग शोभाला जवळ बोलावलं. "या, पाहा. तंबाखू खाणाऱ्याचं तोंड इतकं उघडतच नाही. डागसुद्धा नाही कुठे. यांनी कधी खाल्लेला नाही."

दोन वर्षं झाली होती. दोन वर्षांत इतक्या जणांनी तपासलं, रक्त काढलं, यंत्रात घातलं. तोंड उघड म्हणून कुणी म्हटलं नव्हतं. इतका राग आला की डोळ्यांसमोर अंधारी आली. शोभानं पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली. "माय वं, म्या याहिचे खिसे पाहिले," इतकंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.  समजूत घालायला पाहिजे होती, घातली नाही. माझ्यातही काहीतरी घट्ट झालं होतं.

मॅडमनी ओळ खोडली, बाजूला सही केली. मग पेन तसंच धरून विचारलं, "धुरात इतकी वर्षं काम केलंत. मास्क नव्हता का मिळत?"

विलास दाराशी उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहून हलकेच मान हलवली. नाही म्हणा.

मी नाही म्हणणारच होतो. शब्द तोंडात आला होता. आणि विलास पुन्हा खोकला.

"होता," मी म्हणालो. "दोन होते. कपाटात होते. मी घातला नाही."

त्यांनी लिहिलं. अनेक वर्षे धुराशी संपर्क. संरक्षक मास्क उपलब्ध, वापर नाही. दोन वर्षं जी ओळ खोडायला धडपडलो ती खोडली गेली, आणि तिच्या जागी जी आली ती आता कुणाला खोडा म्हणून सांगता येणार नाही. एक गोष्ट मी तरीही बोललो नाही आणि त्यांनी विचारली नाही. त्या कपाटाची किल्ली कुणाकडे होती. एकदा टॉर्च चोरीला गेला तेव्हापासून ती माझ्याकडेच होती, घरच्या किल्ल्यांच्या जुडग्यात. कुणी मागितली असती तर माझ्याकडेच मागावी लागली असती. आणि मागणाऱ्याला मी काय म्हणायचो ते वर लिहिलंच आहे.

कपाट

येताना विलासला म्हणालो, घरी नाही, आधी स्टेशनवर घे. छोटी ऑक्सिजनची टाकी काखेत धरून मी आत गेलो. पोरं उठून उभी राहिली. मी कपाटावरचा गुळाचा डबा खाली ठेवला, जुडग्यातून किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. एका सेटचं प्लास्टिकचं आवरणसुद्धा पूर्ण निघालेलं नव्हतं.

"घाल," मी विलासला म्हणालो.

पट्टे कसे आवळायचे हे आमच्यापैकी कुणाला धड येत नव्हतं. माहितीचा कागद वाचत वाचत त्याला घातलं. आतून त्याचा आवाज बारीक आला, "भाऊ, वासच येत नाही ना याच्यात!"

"नाही येत. डोळ्यानं पाहा. धुराचा रंग पाहा, जोर पाहा. मी वासानं सांगायचो ते अर्धं डोळ्यांनी दिसते बे, मीच शायनिंग मारत होतो." एवढं बोलायला मला तीनदा थांबावं लागलं. कुणी हसलं नाही. मग मी किल्ली टेबलावर ठेवली आणि विलासला सांगितलं, या आठवड्यात नागपूरला जाऊन छातीचा फोटो काढ.

"मले काय झालं जी?"

"मी बी हेच म्हणत होतो."

तो गेला. कटकट करत, पण गेला. माझ्यासारखा आजार असलेला कुणी हे वाचत असेल तर त्याला सांगण्यासारखं माझ्याकडे इतकंच आहे. पहिल्या दिवशी आपल्या कामाचं सगळं खरं सांगा, डॉक्टर ऐकत नसले तरी पुन्हा सांगा, आणि आपण ज्यांना शिकवलं त्यांना सोबत घेऊन जा.

मागच्या बुधवारी दुपारी विलासचा फोन आला. मी ऑक्सिजनच्या यंत्राची नळी नाकाला लावून बसलो होतो, शोभा तूर निवडत होती.

"भाऊ, फोटोत थोडंसं दिसते म्हने मॅडम. खालच्या बाजूनं. सुरुवात हाये म्हने, औषधानं थांबून जाईन."

 मग पुढे म्हणाला, "मलेबी विचारलं त्याहिनं, मास्क होता काय म्हून. म्या सांगतलं, होता." आवाज खाली आणून म्हणाला, "किल्ली कोनापाशी होती, ते नाही सांगतलं भाऊ."

फोन बंद झाला. शोभा विचारत होती, काय म्हणते विलास. मी नळी काढून मोठा मास्क तोंडाला लावला. तो लावला की बोलावं लागत नाही.